शहापुरातल्या जुन्या स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह: जोडणीपासून अभ्रक बदलेपर्यंतच्या नोंदी

यंत्र: २० लिटरचा साधा सोलो मायक्रोवेव्ह. ग्रिल नाही, कन्व्हेक्शन नाही. मागच्या पट्टीवर आउटपुट ७०० वॅट, इनपुट १२०० वॅट, २३० व्होल्ट.
घर: बेळगाव, शहापूर. वायरिंग जुनं, स्वयंपाकघर मागच्या अंगाला, मेन बोर्ड पुढच्या सोप्यात.
तक्रार एकच: व्हिडिओत सांगितलेली मिनिटं लावली की पदार्थ कच्चा राहतो, तीच मिनिटं दुसऱ्या दिवशी लावली की करपतो. यंत्र बदलून आणायच्या आधी घर तपासायचं ठरलं. मिनिटं दुसऱ्याच्या यंत्राची असतात, वॅट मात्र आपल्या घरात मोजावे लागतात. पुढच्या बऱ्याच नोंदी त्याच्यावरच आहेत.

४ मे

जागा. गॅसशेजारचा ओट्याचा कोपरा रद्द, कारण फोडणीची तेलकट वाफ यंत्राच्या जाळीतून आत ओढली जाते आणि आतल्या पंख्यावर चिकट थर बसतो. फ्रिजवरची जागाही रद्द. फ्रिजची गरम हवा वर येते, शिवाय उकळतं भांडं डोक्याच्या उंचीवरून खाली उतरवणं म्हणजे भाजून घ्यायची सोय. भिंतीला लावून वेगळं मजबूत टेबल घेतलं. मागे १० सेंटीमीटर, दोन्ही बाजूंना हाताची बोटं जातील इतकी आणि वर २० सेंटीमीटर मोकळी जागा ठेवली. वर ताटली किंवा वर्तमानपत्र काहीही ठेवायचं नाही. टेबल समपातळीत आहे का ते पाण्याने भरलेल्या ताटलीने पाहिलं. टेबल कललं असेल तर काचेची ताटली फिरताना अडखळते.

आत उजव्या भिंतीला पुठ्ठ्यासारखा एक करडा तुकडा असतो. तो पॅकिंगचा समजून बरेच जण काढून टाकतात. तो लाटा आत येतात त्या तोंडावरचा अभ्रकाचा पडदा आहे, काढायचा नाही.

मग पॉईंट. यंत्राचा प्लग मोठा, १६ अँपिअरचा. भिंतीवर मिक्सरचा ६ अँपिअरचा पॉईंट होता आणि दुकानातून यंत्राबरोबरच मोठा प्लग छोट्या पॉईंटात बसवणारा कन्व्हर्टर आणला होता. एक लिटर पाणी ठेवून दोन मिनिटं चालवलं. बोर्डावर यंत्र बंद असताना २२८ व्होल्ट होते, चालू केल्यावर २१६. म्हणजे १२ व्होल्ट वाटेतच गेले. यंत्र साधारण ५ अँपिअर ओढतं, तेव्हा ६० वॅटची उष्णता वायरीत आणि सांध्यात तयार होत होती. कन्व्हर्टर हाताला चांगलाच गरम लागला. प्लास्टिक वितळून पॉईंट काळा पडतो तो असाच.

अर्थिंग तर नावालाच. फेज आणि अर्थ यांच्यामध्ये मीटरवर १४० च्या आसपास आकडा, तोही नाचत होता. यंत्राच्या पत्र्याला टेस्टर लावला तर मिणमिणता लागला. काम इथेच थांबवलं.

६ मे

वायरमन आला. मेन बोर्डापासून स्वयंपाकघरापर्यंत २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची स्वतंत्र लाईन ओढली: फेज, न्यूट्रल आणि अर्थ. १६ अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) आणि १६ अँपिअरचा सॉकेट बसवला. या लाईनवर दुसरं काही जोडायचं नाही, मिक्सरसुद्धा नाही.

परसातला अर्थिंगचा खड्डा मे महिन्यामुळे कोरडा ठणठणीत होता. दोन कळशा पाणी ओतल्यावर आकडा सुधारला, पण पाईपला जोडलेली तार गंजून दोऱ्याइतकी राहिली होती. ती बदलली, मीठ-कोळसा पुन्हा भरला. त्यानंतरची मापं: फेज-न्यूट्रल २२८, फेज-अर्थ २२७, न्यूट्रल-अर्थ १.५ व्होल्ट. यंत्र चालू केल्यावर बोर्डावर २२५ राहतात. उन्हाळ्यात पंधरवड्याला खड्ड्यात पाणी ओतायचं, हे कॅलेंडरवर लिहून ठेवलं.

खर्च: वायर ९०० रुपये, एमसीबी २२०, सॉकेट आणि पेटी ३८०, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागला की लाईन तोडणारा स्विच) १,९००, मजुरी १,२००. एकूण ४,६०० रुपये. यंत्राच्या निम्म्याहून जास्त पैसे वायरिंगला गेले म्हणून घरात कुरकुर झाली. पण आरसीसीबी सगळ्या घराला लागतो, तो मायक्रोवेव्हच्या खात्यावर मांडणं बरोबर नाही.

८ मे

आता खरे वॅट. साहित्य: हलकं प्लास्टिकचं भांडं (तळाला त्रिकोणात ५ आकडा असलेलं), मोजून एक लिटर पाणी आणि सळईचा डिजिटल थर्मामीटर, ३५० रुपये. काचेचं जड भांडं घेतलं तर काही उष्णता काच खाते आणि आकडा कमी येतो.

पाणी ढवळून तापमान लिहायचं. थर्मामीटर बाहेर काढायचा, तो धातूचा आहे. पूर्ण ताकदीवर बरोबर दोन मिनिटं चालवायचं. पाणी बाहेर काढून लगेच लाकडी चमच्याने ढवळायचं आणि पुन्हा तापमान घ्यायचं. जितके अंश वाढले त्याला ३५ ने गुणलं की वॅट.

दुपारी दोन वाजता, २२८ व्होल्ट: २६ वरून ४४. वाढ १८ अंश, म्हणजे ६३० वॅट.
लगेच दुसऱ्यांदा, ताजं पाणी घेऊन: वाढ १६.५ अंश, म्हणजे साधारण ५८०. मॅग्नेट्रॉन, म्हणजे लाटा तयार करणारा भाग, तापला की ताकद उतरते. त्यामुळे चाचणी नेहमी थंड यंत्रावर घ्यायची, आणि एकामागून एक चार वाट्या गरम करताना चौथीला थोडा जास्त वेळ लागणार हे गृहीत धरायचं.
संध्याकाळी पावणेआठ वाजता बोर्डावर यंत्र लावायच्या आधीच १९६ व्होल्ट: वाढ १३ अंश. ४५५ वॅट!

कोडं सुटलं. तोच पदार्थ, तीच मिनिटं, पण दुपारी ६३० आणि रात्री ४५५. रात्रीच्या अंदाजाने ठरवलेली वेळ दुपारी करपवते आणि दुपारची वेळ रात्री कच्चं ठेवते. यंत्रात दोष नाही.

पाककृतीची वेळ आपल्या यंत्राला बसवायची असेल तर पाककृतीतले वॅट गुणिले वेळ, भागिले आपले वॅट. १००० वॅटला ३ मिनिटं सांगितली असतील तर आपल्याकडे दुपारी पावणेपाच मिनिटं, रात्री साडेसहाच्या पुढे. पाककृतीत वॅट दिलेच नसतील तर त्या मिनिटांना काही अर्थ नाही.

बटणांवरची टक्केवारीही तपासली. ३० टक्के लावलं म्हणजे यंत्र मंद होत नाही. ते १० सेकंद पूर्ण ताकदीने चालतं आणि २० सेकंद नुसतं फिरतं. कान दिला तर घुंईं आवाज वाढतो-कमी होतो तो ऐकू येतो. इन्व्हर्टर पद्धतीच्या महागड्या यंत्रांत खरोखर मंद होतं, यात नाही. लोणी वितळवताना ते मध्येच फुटून उडतं त्याचं कारण हेच: दहा सेकंदांचा दणका.

११ मे

स्टॅबिलायझर घ्यावा का? १२०० वॅटला सुरुवातीचा झटका धरून निदान २ केव्हीएचा लागेल. घेतला नाही. नुसतं गरम करायला रात्री दुपारच्या वेळेत तिसऱ्या हिश्शाहून थोडी जास्त भर घातली की काम भागतं. आटवणं, भाजणं ही लांबलचक कामं दुपारी उरकायची. १८० व्होल्टच्या खाली मात्र यंत्र लावायचंच नाही असं ठरवलं. सॉकेटमध्ये खोचायचा छोटा व्होल्टमीटर २५० रुपयांना मिळाला. पैसे वसूल.

घरातला बॅटरीचा इन्व्हर्टर ८५० व्हीएचा. लाईट गेल्यावर त्याच्यावर मायक्रोवेव्ह चालणार नाही, चालवूही नये.

दुपारनंतर वळीव आला. ढग गडगडायला लागले की प्लग ओढून ठेवायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. विजेच्या लोळाने बहुधा आधी समोरचा आकड्यांचा बोर्ड जातो, आणि तो बदलायचा खर्च ऐकून लोक नवीन यंत्र घेतात.

१३ मे

भांड्यांची चाचणी. रिकामं भांडं आणि शेजारी काचेच्या पेल्यात एक पेला पाणी, पूर्ण ताकदीवर एक मिनिट. पाणी गरम आणि भांडं थंड, तर भांडं चालतं. भांडं गरम आणि पाणी कोमट, तर भांडंच ऊर्जा खातंय. पाण्याशिवाय ही चाचणी घ्यायची नाही: रिकाम्या यंत्रात लाटा परतून मॅग्नेट्रॉनवरच येतात. धातूचं काहीही या चाचणीलासुद्धा ठेवायचं नाही.

बोरोसिलिकेट (उष्णता सोसणारी) काच: पास. पण गरम काच ओट्याच्या ओल्या कडप्प्यावर टेकवायची नाही, तडकते. खाली लाकडी पाट किंवा जाड दुपटं हवं.

चिनी मातीचे पांढरे मग: तीन पास, एक नापास. नापास झालेल्याच्या तळाला झिलई नाही. भांडी घासताना तिथून पाणी आत मुरतं आणि तेच तापतं. कान धरवेना.

खानापूरची मातीची वाटी, दही लावायची: सपशेल नापास. एका मिनिटात वाटी हाताला चटका बसेल इतकी तापली, पेल्यातलं पाणी जेमतेम कोमट. खानापूरची माती चांगली, दही तिच्यातच लागावं, पण सच्छिद्र मडक्यात मुरलेलं पाणी मायक्रोवेव्हला आयतंच सापडतं. कधी वाटीला भेगही जाते.

मेलामाईनच्या ताटल्या: नापास, तापतात. दिसायला काचेसारख्या असतात म्हणून धोका जास्त.

आहेरात आलेले सोनेरी काठाचे कप: चाचणी न घेताच बाद. तो काठ म्हणजे धातूच, ठिणग्या उडतात. स्टीलचे डबे, पितळी, जर्मन (ॲल्युमिनियम), फॉईल, पिशवीच्या तोंडाची तार: सगळं बाद. कुंद्याचा (बेळगावची खव्याची मिठाई) बॉक्स आतून चंदेरी असेल तर तोही.

प्लास्टिकमध्ये त्रिकोणातला ५ आणि "मायक्रोवेव्ह सेफ" लिहिलेलं, एवढंच. दह्याचे, आइस्क्रीमचे पातळ डबे नाहीत. तेलकट किंवा गोड पदार्थ तर प्लास्टिकमध्ये कधीच नाही: पाणी सहसा १०० अंशांवर थांबतं, तेल आणि साखर थांबत नाहीत.

घरातल्या निम्म्या भांड्यांवर लाल ठिपका आला. "मग ठेवायचं कशात?" हा प्रश्न रास्त होता. काचेचे झाकणवाले तीन बाऊल घेतले, ९५० रुपये.

१५ मे

आतलं गरम-गार ठिकाण शोधायला उडदाचे पापड. फिरणारी ताटली आणि तिच्याखालचं चाकांचं रिंगण काढलं. मधल्या फिरत्या खुंटीला लागणार नाही अशी काचेची ताटली उपडी ठेवली. तिच्यावर जाड पुठ्ठा, पुठ्ठ्यावर एकमेकाला चिकटून कच्चे पापड, आणि कोपऱ्यात अर्धी वाटी पाणी. पूर्ण ताकदीवर २५ सेकंद.

उजव्या भिंतीकडचा पापड मुठीएवढ्या गोलात फुलून पांढरा झाला, डावीकडे मागे तसाच एक छोटा गोल, आणि दोन्हींच्या मध्ये कच्चा पिवळा पट्टा जसाच्या तसा. मधोमध ठेवलेला पापड जवळजवळ सगळा कच्चा. फुललेल्या ठिपक्यांमधलं अंतर ६-७ सेंटीमीटर. जास्त वेळ ठेवला असता तर फुललेला भाग जळायला लागला असता आणि कच्चा कच्चाच राहिला असता.

यावरून ठरलं: ताटली फिरली तरी मधलं ठिकाण फिरून फिरून तिथेच राहतं. म्हणून पदार्थ कड्यासारखा काठाने मांडायचा, मध्य मोकळा. वाटी एकच असेल तर ती मधोमध न ठेवता कडेला. भात-भाजी वाढताना मध्ये खळगा करायचा. इडल्या गरम करताना याचा फरक लगेच कळतो: गोलात ठेवलेल्या सहा इडल्या सारख्या वाफाळतात, मधली सातवी गार.

१८ मे

शिळं गरम करणं. नव्वद टक्के वापर याचाच होणार, म्हणून इथे जास्त वेळ घातला. सगळ्या वेळा ६३० वॅटच्या, पदार्थ फ्रिजमधला.

भात, एक मोठी वाटी, २०० ग्रॅम: गुठळ्या मोडायच्या, दोन चमचे पाणी शिंपडायचं, झाकण तिरकं. पावणेदोन मिनिटं, मग एक मिनिट तसाच झाकून. येळ्ळूरच्या बासमतीचा दाणा बारीक आणि मऊ, तो जास्त हलवला की पिठूळ होतो. मध्ये फक्त एकदा काट्याने सैल करायचा.

तापमान मध्यभागी ७४ अंशांच्या वर गेलं पाहिजे. पहिल्या खेपेला न ढवळता घेतलेलं माप: कडेला ८८, मध्ये ४९. वरून वाफ येत होती! वाफ दिसली म्हणजे गरम झालं हा समज इथे मोडला. ढवळून आणि मिनिटभर थांबून घेतल्यावर सगळीकडे ७६ ते ८०. आणि भात दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलेला असला पाहिजे. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात जंतू जे विष करून ठेवतात ते गरम केल्याने जात नाही.

आमटी, २५० मिली: सव्वादोन मिनिटं, मध्ये एकदा ढवळून. घट्ट वरण आणि पिठलं मात्र फुटून उडतं, झाकण हवंच.

भाकरी: सगळ्यात जास्त फसलेला पदार्थ. ज्वारीची भाकरी नुसती ठेवून ४० सेकंद दिले तर बाहेर काढल्यावर लवचिक, दोन मिनिटांत चामडं. घट्ट पिळलेल्या ओल्या सुती फडक्यात गुंडाळली आणि १५ सेकंदच दिले तर बरी होते, पण लगेच खायची. एकाहून जास्त भाकऱ्या असतील तर सरळ तवा.

दूध, २५० मिली: दोन मिनिटं. रुंद तोंडाचं भांडं, अर्ध्याहून जास्त भरायचं नाही. शेवटच्या दहा सेकंदांत वर येतं आणि गॅससारखं फुंकर मारून खाली बसत नाही. बाळाचं दूध यात गरम करू नये: बाटली कोमट लागते आणि आतला घोट पोळतो.

नुसतं पाणी, गुळगुळीत काचेत: हे शांत दिसलं तरी १०० च्या वर गेलेलं असू शकतं. चहाची पूड किंवा चमचा पडला की एकदम उसळून हातावर येतं. आत लाकडी काडी ठेवून तापवायचं आणि दार उघडायच्या आधी अर्धा मिनिट थांबायचं.

अंडं कवचासकट नाही. उकडलेलं, सोललेलं अंडंही अख्खं गरम करायचं नाही, ते चावताना तोंडात फुटतं. अर्धं चिरून.

२२ मे

ताजा भात शिजवून पाहिला. बासमती एक वाटी (१८० ग्रॅम), पाणी ४०० मिली. अडीच लिटरच्या भांड्यात उकळीला चार मिनिटं, मग ५० टक्क्यांवर बारा मिनिटं, पाच मिनिटं झाकून. छोट्या भांड्यात केला तेव्हा सगळी पेज ताटलीखाली जाऊन रिंगणाची चाकं चिकटली. भात चांगला झाला, पण एकवीस मिनिटं लागली. कुकर बरा.

शेंगदाणे, २०० ग्रॅम, काचेच्या पसरट ताटात: दोन मिनिटं, हलवून एक, पुन्हा हलवून एक. रंग बघून थांबलो तर उशीर झालेला असतो, कारण दाणा आतून आधी भाजतो. एक दाणा फोडून पाहायचा. आत जेमतेम पिवळसर दिसला की बाहेर काढायचं, पुढची पाच मिनिटं तो स्वतःच्याच उष्णतेवर भाजत राहतो. पहिला घाणा बाहेरून गुलाबी आणि आतून कॉफीच्या रंगाचा निघाला. शेंगाचटणीला कडवट लागला, टाकला.

उडदाचा पापड: पुसट तेलाचा हात, ५० सेकंद, मध्ये उलटून. रात्री ७०.

कढीपत्ता: धुऊन पूर्ण कोरडा करून, एका थरात, सोबत अर्धी वाटी पाणी. दीड मिनिट, मग १५-१५ सेकंद. पाण्याची वाटी विसरायची नाही: पानं वाळत आली की आत ऊर्जा घ्यायला काहीच उरत नाही आणि पानं पेटतात. पेटलंच तर दार उघडायचं नाही. बंद करून प्लग काढायचा, आग हवेविना विझते.

संकेश्वरी मिरची भाजायला ठेवू नका. झणका बंद पेटीत साठतो आणि दार उघडलं की एकदम नाकाडोळ्यांत येतो. पुढचे दोन दिवस दुधालाही वास. मिरची परसात, तव्यावर.

१४ जून

कुंदा. बेळगावच्या घरात मायक्रोवेव्ह आला की हा प्रश्न येणारच.

दूध आटवण्यापासून करावा का, याचा आधी हिशेब मांडला. एक लिटर दुधातलं ७०० ग्रॅम पाणी उडवायचं तर ६३० वॅटवर बेचाळीस मिनिटं, आधी उकळी यायला सात-आठ मिनिटं. म्हणजे पन्नास मिनिटं सलग पूर्ण ताकद आणि वीज एक युनिट. मध्ये तापून यंत्र स्वतःहून बंद पडेल ते वेगळंच. सोडून दिलं, तयार खवा आणला.

खवा २०० ग्रॅम, साखर ८० ग्रॅम, दूध १०० मिली, दही एक चमचा. दोन लिटरचा बोरोसिलिकेट बाऊल.

कुंद्याचा तपकिरी रंग येतो तो साखर जाळून. त्यातली तीन चमचे साखर आणि एक चमचा पाणी वेगळ्या काचेच्या वाटीत ठेवली. दीड मिनिट नुसते बुडबुडे, काही होत नाहीसं वाटतं, आणि मग सोनेरीपासून काळ्यापर्यंत वीस सेकंद. पहिली साखर काळी झाली, धूर आला. दुसऱ्या वेळी १ मिनिट ४० सेकंदांनंतर दहा-दहा सेकंद देऊन, किंचित सोनेरी होताच बाहेर. बाहेरही तिचा रंग चढत राहतो. ही वाटी १५० अंशांच्या वर असते: प्लास्टिक वितळेल, ओल्या ओट्यावर काच फुटेल, गार दूध एकदम ओतलं तर उसळेल. दूध कोमट करून धारेने.

मग सगळं एकत्र, पूर्ण ताकदीवर चार मिनिटं, दर मिनिटाला ढवळून. दही घातल्यावर रवाळपणा आला. पुढे ७० टक्क्यांवर सहा मिनिटं, दर दोन मिनिटांनी कडेचं मध्ये, मधलं कडेला. बाऊलचा काठ आधी करपतो, तो प्रत्येक वेळी खरवडायचा. गोळा कडा सोडू लागला की थांबवायचं, गार झाल्यावर आणखी घट्ट होतो. दुकानातल्या कुंद्याची सर नाही, पण वीस मिनिटांत पाहुण्यापुढे ठेवण्याजोगा.

५ जुलै

आषाढीसाठी रताळी. दीडशे ग्रॅमची दोन, सारख्या जाडीची. काट्याने आठ-दहा ठिकाणी टोचायचं, नाहीतर साल फाटून फुटतं. निमुळतं शेपूट कापून टाकायचं, ते सगळ्यात आधी लाकूड होतं. दोन चमचे पाणी, झाकण, साडेपाच मिनिटं, मध्ये उलटून, तीन मिनिटं मुरवून. सात मिनिटं दिलेल्या खेपेला टोकं कडक झाली आणि धुराचा वास आला. रताळ्याच्या किंवा गाजराच्या बारीक फोडी थोड्याशाच ठेवल्या तर टोकाटोकांत ठिणग्याही दिसतात. भांडं धातूचं नसतानाही. पाणी घातलं की थांबतात.

१९ जुलै

झड लागलेली. दाराच्या आत सकाळी दव, बटणं दोनदा दाबावी लागतात. वापरानंतर दार दहा मिनिटं उघडं ठेवून आतून कोरडं पुसायचं. सकाळी पहिल्यांदा एक पेला पाणी ठेवून दोन मिनिटं चालवलं की दमटपणा जातो.

झुरळं. त्यांना आकड्यांच्या बोर्डाची ऊब आवडते. जाळीतून आत जातात, बोर्डावर घाण करतात आणि एक दिवस घड्याळ भलतेच आकडे दाखवतं. जाळीत औषध फवारायचं नाही, तेलकट फवारा पेटू शकतो. टेबलाच्या पायांपाशी आणि भिंतीच्या फटीत जेलचे ठिपके, रात्री टेबल कोरडं आणि खरकटं शून्य.

आतली सफाई: २५० मिली पाण्यात अर्धं लिंबू पिळून, उकळी फुटेपर्यंत चार मिनिटं, मग दार न उघडता पाच मिनिटं. सुती फडक्याने पुसायचं, तारेची घासणी नाही. दाराच्या कडेची खोबण विसरायची नाही: तिथे भाताचं शीत वाळून बसलं तरी दार नीट बसत नाही. दाराची बिजागरी ढिली, काच तडकलेली किंवा दार उघडल्यावरही आवाज चालू, यातलं एकही असेल तर वापर बंद. दारापासून ५ सेंटीमीटरवर प्रति चौरस सेंटीमीटर ५ मिलिवॅट ही गळतीची मर्यादा, आणि ती मोजायला मीटर लागतो. आत मोबाईल ठेवून रिंग वाजते का पाहायची युक्ती कुचकामी, तिच्यावरून काहीही ठरत नाही.

२७ जुलै

आमटी गरम करताना उजवीकडे तडतड, निळसर ठिणगी, जळका वास. लगेच बंद, प्लग बाहेर.

अभ्रकाच्या पडद्यावर खालच्या कोपऱ्यात काळा डाग. पापडाचं तेल आणि आमटीचे शिंतोडे तिथे साठून कोळसा झाला होता. कोळसा वीज वाहतो, म्हणून तो ठिणगीला वाट देतो, आणि दर ठिणगीला डाग वाढतो. नुसता पुसून उपयोग झाला नाही. एक स्क्रू काढून पडदा बाहेर घेतला तर डाग आरपार गेलेला. मागच्या पोकळीतही तेल होतं, ते ओल्या फडक्याने आणि नंतर कोरड्याने पुसलं. भिंतीचा रंग उडालेला नाही याची खात्री केली. उडाला असता तर आधी मायक्रोवेव्हचा खास रंग लावावा लागला असता, साधा रंग चालत नाही.

रविवार पेठेत अभ्रकाचा कोरा पत्रा १२० रुपयांना मिळाला. जुना पडदा वर ठेवून पेन्सिलने आखला आणि साध्या कात्रीने हळूहळू कापला. भराभर कापला की कडेचे पापुद्रे सुटतात. स्क्रूचं भोक कात्रीच्या टोकाने. प्लास्टिकचा पारदर्शक तुकडा लावून वेळ भागवायचा नाही, तो पेटतो. पडदा नसताना यंत्र चालवायचंही नाही.

एवढंच घरी करायचं काम. बाहेरचा पत्रा उघडायचा नाही. आत काही हजार व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतकी वीज साठून राहू शकते. यंत्र चालतं पण तापत नाही, फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो, घरघर मोठी येते: तिन्ही वेळा मेकॅनिक. त्याने नुसता फ्यूज बदलून दिला तर फ्यूज का उडाला ते विचारायचं, बहुतेक वेळा दाराचे स्विच गेलेले असतात.

पत्र्यातून अजून दोन पडदे निघतील. उरलेला तुकडा जुन्या वहीत सपाट दाबून फडताळात ठेवला आहे, वाकला की चिरतो.